निरोप आला नाही तर

आमच्या गावची पाण्याची टाकी टेकडीवर आहे आणि मोटर नीरेच्या काठी. दोन्हींच्या मध्ये डोंगराची एक सोंड आडवी पसरली आहे. भोर तालुक्यात रोहिडा किल्ल्याच्या बाजूला अशा सोंडा पावलोपावली दिसतात. टाकी पन्नास हजार लिटरची, मोटर दहा एचपीची, आणि पंपघरापासून टाकीपर्यंत सरळ रेषेत अंतर २.६ किलोमीटर. रिकामी टाकी भरायला अडीच तास लागतात. टाकी भरली का हे पंपघरातून दिसत नाही, आणि मोटर चालू आहे का हे टाकीवरून ऐकू येत नाही.

हा दुवा वर्षानुवर्षं तात्यांच्या पायांनी सांधला होता. तात्या आमच्या ग्रामपंचायतीचे वॉटरमन. थ्री फेज लाइट आली की मोटर सुरू करायची, दोन तासांनी टेकडी चढून टाकीत डोकवायचं, परत खाली येऊन मोटर बंद करायची. लाइट रात्री अकराला आली तर रात्री. २०२१ च्या पावसाळ्यात टाकीच्या लोखंडी शिडीवरून त्यांचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. तेव्हा त्यांचं वय अठ्ठावन्न होतं. त्यांना बघायला गेलो, तर प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून ते माझ्या वडिलांना सांगत होते, "आता उद्याच्याला पाणी कोन सोडनार?" हे काम मी त्या वाक्यामुळे हातात घेतलं.

मी शिरवळच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. टाकीची पातळी मोजणं, ती पंपापर्यंत पोहोचवणं, हे कारखान्यात रोजचंच. फरक एवढाच की तिथे केबल असते. गावातही आधी केबल टाकली होती. पहिल्या वर्षी ती वणव्यात जळली, दुसऱ्या वर्षी रस्त्याच्या कामात जेसीबीने तोडली. मग मोबाईलवरून चालणारा स्टार्टर आणला. पण पंपघर नदीच्या खोलगट भागात, तिथे मोबाईलला रेंज नाही. रेंज मिळते फक्त सोंडेवरच्या खिंडीत, म्हसोबाच्या देवळापाशी. म्हणून राहिला तो स्वतःचा रेडिओ.

मी लोरा निवडलं, म्हणजे कमी शक्तीत दूरवर छोटे निरोप नेणारं रेडिओचं तंत्र. फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरातल्या सायक्लिओ नावाच्या छोट्या कंपनीने हे तंत्र काढलं आणि २०१२ मध्ये सेमटेक या चिप बनवणाऱ्या कंपनीने ती विकत घेतली. याचा निरोप कसा जातो ते समजायला आपल्या लोकांना शास्त्रीय गाण्याचा दाखला पुरतो. साधा रेडिओ एका सुरावर उभा राहून बोलतो. लोरा खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत मींड घेतो आणि ती मींड नेमकी कुठून उचलली, यात माहिती असते. गोंगाटात एखादा सूर हरवतो, पण सलग चढत जाणारी मींड कान पकडतो. मींड जितकी सावकाश, तितकी ती अधिक गोंगाटातून ओळखता येते. ही सावकाशी ठरवणाऱ्या आकड्याला स्प्रेडिंग फॅक्टर म्हणतात, आम्ही नुसतं एसएफ म्हणतो. तो सहसा ७ पासून १२ पर्यंत असतो आणि एकेक पायरी चढताना एका मींडेला लागणारा वेळ दुप्पट होतो.

पहिली अडचण खरेदीतच आली. ज्या दुकानातून मी रेडिओची मॉड्यूल मागवली तिथून ९१५ मेगाहर्ट्झची आली. ती अमेरिकेसाठीची. आपल्याकडे ते आकडे मोबाईल सेवेच्या पट्ट्याला भिडतात, तिथे आपण बोलायचं नाही. भारतात विनापरवाना वापरासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये खुला झाला. त्यातही अटी आहेत: ट्रान्समीटर जास्तीत जास्त एक वॉटचा, अँटेनातून निघणारी शक्ती चार वॉटपर्यंत, आणि एका वाहिनीची रुंदी २०० किलोहर्ट्झच्या आत. शिवाय लायसन नको म्हणजे काहीच नको असं नाही, उपकरणाला डब्ल्यूपीसीची, म्हणजे दूरसंचार विभागाच्या रेडिओ-लहरी सांभाळणाऱ्या शाखेची, मान्यता लागते. हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय, कारण 'चालतंय ना, मग झालं' म्हणत चुकीचे बोर्ड बसवणारे मी पाहिलेत. मी मॉड्यूल परत पाठवली आणि महिनाभर थांबलो.

एप्रिल २०२२ मध्ये पहिली चाचणी घेतली. रेडिओ लावलेला एक सर्किट बोर्ड पंपघराच्या पत्र्यावर ठेवला, दुसरा हातात घेऊन टाकीवर गेलो. चुलतभाऊ खाली बसला होता. एसएफ ७ वर काहीच नाही, ९ वर काहीच नाही. १२ वर ठेवल्यावर पडद्यावर ओळ उमटली: सिग्नलची ताकद उणे १३१ डीबीएम, आणि सिग्नल गोंगाटाच्या १४ डेसिबल खाली. गोंगाटाच्या इतक्या खाली असलेला आवाज ओळखता येतो हे वाचलेलं होतं, पण स्वतःच्या टेकडीवर उभं राहून बघणं वेगळं. तासभर एकेक निरोप मोजत बसलो. शंभरातले शहाण्णव पोहोचले. मला वाटलं, काम झालं.

तेव्हाची रचना अगदी सरळ होती. टाकीवर एक बोर्ड, पंपघरात एक. टाकी भरली की वरचा बोर्ड 'भरली, बंद कर' असा निरोप तीनदा पाठवायचा, आणि खालचा बोर्ड रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, उघडून मोटर बंद करायचा. मे महिनाभर ते बिनचूक चाललं. तात्या संध्याकाळी मोटर सुरू करून घरी जायचे आणि सकाळी टाकी काठोकाठ भरलेली असायची.

जूनच्या मध्यावर पाऊस धरला. एका रात्री अकराला मोटर सुरू झाली आणि पहाटे पाचला तात्या पंपघरात आले तेव्हाही ती चालूच होती. टाकीवरून तीनही निरोप गेले होते, एकही खाली पोहोचला नव्हता. सोंडेवरची झाडी महिनाभरात पालवली होती आणि ओलीचिंब झाली होती. नंतर मोजलं तर सिग्नल आठ डेसिबलने पडला होता. म्हणजे गोंगाटाच्या १४ डेसिबल खाली होता तो २२ खाली गेला, आणि एसएफ १२ ची मर्यादा साधारण २० ची. उन्हाळ्यात शंभरातले शहाण्णव येत होते तेव्हाच खरं तर आम्ही काठावर उभे होतो.

साडेतीन तास पाणी टाकीवरून वाहत राहिलं. मिनिटाला तीनशे-साडेतीनशे लिटर. टाकीच्या खालच्या अंगाला एका शेतकऱ्याने भाताचं रोप टाकलं होतं. कोवळी बोटभर रोपं मातीसकट निघून बांधाला जाऊन साचली होती. तो माणूस मला एक शब्दही बोलला नाही, नुसता बांधावर उभा राहिला. आमच्या वावरातलं रोप आम्ही त्याला दिलं, त्याची लावणी झाली. पण तो बांध माझ्या डोळ्यांपुढून गेलेला नाही.

त्या दिवशी मी आधी रेंजचा विचार करायला बसलो, म्हणजे मोठी अँटेना, जास्त शक्ती. दुपारी तात्या आले. शेजारी बसून त्यांनी विचारलं, "आरं, पन तुझा निरोप नाय आला तर मोटरीनं काय समजायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या रचनेत निरोप न येणं याचा अर्थ 'सगळं ठीक, चालू दे' असा होत होता. बॅटरी उतरली, अँटेना तुटली, माकडाने वायर ओढली, वीज पडली, या प्रत्येक वेळी मोटर चालूच राहिली असती. कारखान्यात आम्ही ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल वापरतो तो ० पासून का सुरू होत नाही, हे मी शिकाऊ मुलांना दरवर्षी समजावतो: वायर तुटली तर शून्य येतं आणि शून्य म्हणजे बिघाड, रिकामी टाकी नव्हे. तेच ज्ञान रेडिओवर आल्यावर मी विसरलो होतो.

रचना उलटी केली. आता टाकी 'बंद कर' म्हणत नाही. पंपघर दर मिनिटाला विचारतं, टाकी आपली पातळी सांगते, आणि ताजी पातळी हातात असेपर्यंतच मोटर चालते. तीन मिनिटं उत्तर आलं नाही की रिले सुटतो. रिलेचा संपर्क स्टार्टरच्या नो-व्होल्ट कॉइलच्या (वीज तुटली की मोटर सोडणाऱ्या गुंडाळीच्या) वाटेत जोडला, म्हणजे बोर्ड मेला, त्याची लाइट गेली, तरी मोटर थांबतेच. बंद करायची पातळी ९२ टक्के ठेवली. वर उरतात चार हजार लिटर, आणि तीन मिनिटांत फार तर हजार लिटर चढतं. त्यामुळे शेवटच्या क्षणी संपर्क तुटला तरी टाकी वाहत नाही. एकदा थांबली की पाच मिनिटं मोटर सुरू होत नाही, नाहीतर लहरी सिग्नलवर ती चालू-बंद होत राहील आणि वाइंडिंग जळेल. आणि पॅनेलवर ऑटो-मॅन्युअलचा साधा फिरवायचा स्विच ठेवला. रेडिओ बंद पडला म्हणून गाव तहानलेलं राहता कामा नये, अशा वेळी तात्यांनी पूर्वीसारखं करायचं. त्या स्विचवर मी कुठलंही सॉफ्टवेअर बसू दिलं नाही.

पण यासाठी निरोप दर मिनिटाला पोहोचायला हवा, आणि पावसात तो थेट पोहोचत नव्हता. सोंडेच्या पोटातून रेडिओ जात नाही, वरून जायला हवं. म्हणून खिंडीत रिपीटर, म्हणजे निरोप ऐकून पुढे पुन्हा पाठवणारा बोर्ड, लावायचं ठरलं. म्हसोबाच्या देवळाजवळ देवस्थानच्या जागेत सहा मीटरचा जीआय पाइप उभा केला. तिथून पंपघर १.१ किलोमीटर आणि टाकी १.६ किलोमीटर, दोन्ही नजरेसमोर. पहिल्याच दिवशी एसएफ ९ वर निरोप आले, आणि सिग्नल मर्यादेच्या पंचवीस डेसिबल वर होता. तेव्हा मला जागेचं मोल कळलं. सहा मीटरच्या पाइपने जे दिलं ते शक्ती दसपट करूनही मिळालं नसतं.

खिंडीत लाइट नाही, सगळं सोलर पॅनेल आणि बॅटरीवर. रिपीटर झोपू शकत नाही, त्याला सतत कान उघडे ठेवावे लागतात. मी आधी वाय-फाय असलेला बोर्ड घेतला होता, तो बसल्या जागी पन्नास मिलिअँपिअरच्या वर खात होता. श्रावणात आमच्याकडे आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. तो काढून साधा आठ मेगाहर्ट्झचा छोटा बोर्ड लावला. रेडिओ ऐकताना अकरा-बारा मिलिअँपिअर घेतो, बोर्डासकट अठरा धरा. दिवसाला अर्ध्या अँपिअर-तासापेक्षाही कमी. सहा अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी उन्हाशिवाय बारा-तेरा दिवस काढते. वणव्यासाठी पाइपाभोवती दरवर्षी मार्गशीर्षात गवत कापून जाळरेषा घेतो. गुरं पाइपाला अंग घासून पॅनेल फिरवतात, म्हणून बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलंय.

रिपीटरने वेगळाच प्रश्न आणला. तो एकाच फ्रीक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच फ्रीक्वेन्सीवर पुन्हा बोलतो. बोलत असताना बहिरा असतो. पहिल्या दिवशी पंपघराच्या पडद्यावर तीन प्रश्नांना एक उत्तर दिसायचं. सिग्नल उत्तम, तरी निरोप गायब. रात्री अकरापर्यंत खिंडीत टॉर्च लावून बसलो आणि शेवटी वहीवर हिशेब मांडला. वीस बाइटचा निरोप एसएफ ९ वर १८५ मिलिसेकंद हवेत असतो. प्रश्न खिंडीपर्यंत १८५, खिंडीतून टाकीपर्यंत १८५, उत्तर खिंडीपर्यंत १८५, परत पंपघरापर्यंत १८५. झाले ७४०. मध्ये प्रत्येक जण विचार करायला पन्नास मिलिसेकंद घेतो. जवळपास ९०० मिलिसेकंदांनी उत्तर येणार, आणि मी पंपघराला सांगितलं होतं की ५०० पर्यंत वाट बघ, नाहीतर पुन्हा विचार. पंपघर दुसऱ्यांदा विचारत होतं तेव्हा टाकीचं उत्तर हवेत होतं, आणि दोघांचा आवाज रिपीटरवर एकमेकांवर आदळत होता. वाट बघायची वेळ १५०० केली. पडदा भरभर भरू लागला: ७१, ७१, ७२, ७२. तो आकडा चढताना बघत मी आणि चुलतभाऊ कितीतरी वेळ तिथेच बसून राहिलो. खाली नदीकाठून मोटरीचा आवाज येत होता.

तेव्हा हेही उमगलं की एसएफ १२ हे अडल्या वेळचं औषध आहे, रोजचं जेवण नव्हे. तेच वीस बाइट एसएफ १२ वर १.३२ सेकंद घेतात. चार उड्यांना सव्वापाच सेकंद. एका टाकीपुरतं चालेल, पण गावाला तीन वाड्याही आहेत.

वाड्यांच्या टाक्या छोट्या, दहा-दहा हजार लिटरच्या. मोठ्या टाकीवरून त्यांना पाणी सुटतं. पुढच्या उन्हाळ्यात सरपंचबाईंनी विचारलं, त्यांच्याही पातळ्या कळतील का? शेवटच्या वाडीला पाणी पोहोचत नाही ही तक्रार दर ग्रामसभेत असायची आणि खरंखोटं करायला आकडा कुणाकडेच नसायचा. मी तिन्ही टाक्यांवर बोर्ड बसवले. घाईत त्यांना मोकळं सोडलं: जेव्हा पातळी बदलेल तेव्हा बोला. सकाळी सहाला पाणी सुटायचं, तिन्ही टाक्यांची पातळी एकाच वेळी बदलायला लागायची, आणि तिघी एकदम बोलायच्या. नेमकं ज्या तासाला आकडे हवेत त्याच तासाला ते हरवायचे.

याचं उत्तर मला एका जुन्या इतिहासात सापडलं. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरची यंत्रं होनोलुलूच्या मुख्य संगणकाशी रेडिओने जोडली. त्या जाळ्याचं नाव अलोहानेट. समुद्र मध्ये असल्यामुळे केबल नाही, आमच्याकडे डोंगर मध्ये असल्यामुळे नाही. त्यांनी प्रत्येकाला मनाला येईल तेव्हा बोलू दिलं, आणि टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा बोलायचं. त्याचं गणितही निघालं: अशा पद्धतीत हवेतला जास्तीत जास्त १८ टक्के वेळ कामी येतो. ठरलेल्या ठोक्यावरच बोलायचं म्हटलं तर ३७ टक्क्यांच्या आसपास. दिवसभर तुरळक बोलणाऱ्यांना ही पद्धत छान. पण आमच्या टाक्या दिवसभर गप्प राहून सकाळी सहाला एकत्र ओरडणार. त्यांना विचारल्याशिवाय बोलायचं नाही ही शिस्त लावणंच भाग होतं.

मग पंपघरालाच मुख्य केलं. ते क्रमाने मोठी टाकी, पहिली वाडी, दुसरी, तिसरी असं विचारतं. चौघींची फेरी पाच-सहा सेकंदांत होते, उरलेलं मिनिट हवा मोकळी. पहिल्या वाडीने मात्र काही दिवस छळलं. ती पंपघराच्या जवळ, त्यामुळे तिला प्रश्न दोनदा ऐकू यायचा: एकदा थेट, एकदा खिंडीतून. ती दोनदा उत्तर द्यायची आणि दुसरं उत्तर पुढच्या टाकीच्या प्रश्नावर आदळायचं. प्रत्येक निरोपाला अनुक्रमांक दिला आणि 'खिंडीतून आलो' असा शिक्का मारायला रिपीटरला सांगितलं. शिक्का नसलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, शिक्का असलेला निरोप रिपीटरने पुन्हा उगाळायचा नाही. या दोन नियमांनी ते शांत झालं.

तिसरी वाडी खिंडीपासून ३.४ किलोमीटरवर. दुर्बिणीतून टाकी स्पष्ट दिसते, तरी तिथला सिग्नल हिशेबापेक्षा वीस-बावीस डेसिबलने कमी येत होता. दिसणं आणि रेडिओला वाट मोकळी असणं या दोन गोष्टी वेगळ्या. त्या अंतरावर मधोमध रेडिओची वाट साधारण सतरा मीटर त्रिज्येची असते आणि तिचा निदान साठ टक्के भाग मोकळा लागतो, म्हणजे नजरेच्या रेषेखाली दहा मीटर. मध्ये एक आंबराई होती, शेंडे नजरेच्या रेषेला टेकलेले. झाडं तोडायचा प्रश्नच नव्हता. टाकीवरची अँटेना तीन मीटर उंच केली, सिग्नल नऊ डेसिबलने सुधारला, आणि तेवढं पुरलं.

आणखी एक चूक नोंदवतो, कारण ती कुणाच्याही हातून होईल. एका दुपारी मोठ्या टाकीची पातळी २१४ टक्के दिसली. मोटर थांबली, हे बरंच झालं. पण टाकी अर्धी रिकामी होती. चार दिवसांनी पुन्हा तेच. शोधता शोधता कळलं की खालच्या गावात एका पॉलीहाउसमध्ये हवामानाचे सेन्सर बसले होते. त्यांचीही फ्रीक्वेन्सी ८६६, रुंदी १२५ किलोहर्ट्झ, एसएफ ९, आणि सिंक वर्ड, म्हणजे निरोपाच्या सुरुवातीची ओळखखूण, तीही खासगी जाळ्यांना दिली जाते तीच, 0x12. त्यांच्या पहिल्या सेन्सरचा क्रमांक एक आणि आमच्या टाकीचाही एक. त्यांचा निरोप नेमका आमच्या वाट बघायच्या दीड सेकंदात आला की आमच्या पंपघराने तो आपला मानला. त्या शेतकऱ्याची काहीच चूक नव्हती, उलट त्याने दोन तास आपली यंत्रणा बंद ठेवून मला खात्री करू दिली. मी ८६६.२ वर सरकलो, सिंक वर्ड बदलला, प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला जाळ्याचा क्रमांक आणि शेवटी गुप्त किल्लीवरून काढलेली चार बाइटची सही घातली. अनुक्रमांक मागे गेला तर निरोप टाकून द्यायचा. शंभराच्या वरची पातळी मानायचीच नाही. हे करताना लक्षात आलं की मी वापरत असलेल्या लायब्ररीत (तयार प्रोग्रामच्या संचात) सीआरसी, म्हणजे निरोप वाटेत बिघडला का हे तपासायची सोय, मुळात बंदच असते. ती एका ओळीने सुरू होते. वर्षभर मी तिच्याशिवाय मोटर चालवत होतो, हे आठवलं की अजून अस्वस्थ होतो.

अँटेनाबद्दल थोडं. पत्र्याच्या पेटीत स्प्रिंगची अँटेना ठेवू नका, पेटी आवाज गिळते. पेटी खाली आणि अँटेना वर असं करून मध्ये पातळ आरजी-५८ केबल टाकली तर दहा मीटरमध्ये निम्म्याहून जास्त शक्ती तिथेच संपते. म्हणून आम्ही पेटीच वर चढवली, अँटेनाच्या बुडाशी. अँटेना जोडल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करू नका, तो जळू शकतो. आणि सगळ्या अँटेना उभ्या. एक आडवी झाली की सिग्नल कुठे गेला ते शोधत बसावं लागतं.

पाणी मात्र अजून जिंकतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये खिंडीतला सिग्नल रोज एक-दीड डेसिबलने उतरत होता. बॅटरीचा आकडा ठीक, पॅनेल ठीक. पाचव्या दिवशी वर गेलो. कनेक्टर उघडला तर मधल्या पितळी पिनेवर हिरवट कड धरली होती आणि आतून दोन थेंब हातावर पडले. रबर टेप मी वरून खाली गुंडाळली होती, म्हणजे प्रत्येक वेढ्याची कड वर उघडी, पावसाला झेलायला. कौलं जशी घालतात तशी खालून वर गुंडाळायला हवी होती. नवा कनेक्टर लावला, टेप नीट गुंडाळली, खाली केबलला एक झोका दिला, म्हणजे थेंब तिथून गळून जावा. भर पावसात छत्रीखाली हे करत होतो आणि छत्री तात्यांनी धरली होती. एकदाही त्यांनी ती हलू दिली नाही.

तात्या आता रोज टेकडी चढत नाहीत. दर शनिवारी चढतात, दिवसा. शिडी नवी केली आहे, दोन्ही बाजूंनी कठडा आहे. ते टाकीत पट्टी टाकून पातळी मोजतात, वहीत लिहितात, आणि खाली आल्यावर पंपघराच्या पडद्यावरचा आकडा शेजारी टिपतात. सेन्सरवर शेवाळ साचलं किंवा कोळ्याने जाळं धरलं की दोन आकड्यांत फरक पडतो, आणि तो आधी त्या वहीत दिसतो. गेल्या शनिवारी वहीत ७८ होते आणि पडद्यावर ७७. त्याच्या आधीच्या शनिवारी ८१ आणि ७६, आणि समोर तात्यांच्या अक्षरात लिहिलेलं, 'सेनसर पुसला.'

ग्रामसभेत आता शेवटच्या वाडीचा आकडा वाचून दाखवतात. तिथे खरोखरच पाणी कमी पोहोचत होतं. व्हॉल्व्हची वेळ बदलली आहे, तरी सकाळी साडेसातनंतर ती टाकी चाळीस टक्क्यांच्या वर जात नाही. मधल्या पाइपात कुठेतरी गळती असावी. पुढच्या महिन्यात चौकातल्या चेंबरमध्ये एक प्रवाहमापक आणि आणखी एक बोर्ड बसवायचा आहे. चेंबर जमिनीखाली, वर लोखंडी झाकण, म्हणजे अँटेना कुठे काढायची हा विचार चालू आहे. झाकणाशेजारी हातपंपाचा जुना खांब आहे, तो तात्यांनी दाखवला.